क्वेस्ट ३ घालून हॉर्नेट उडवायचं तर टी.१६०००एम कितपत पुरते?

डीसीएस या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये एफ/ए-१८सी हॉर्नेट हे विमान उडवण्याबद्दल हे लिहितोय. आधी निकाल सांगतो, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. थ्रस्टमास्टरचा टी.१६०००एम एफसीएस हॉटास, म्हणजे स्टिक आणि टीडब्ल्यूसीएस थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा) असा जोडसंच, मॉनिटरवर उडवणाऱ्याला मी बिनदिक्कत सुचवेन. व्हीआर हेडसेट घालून उडवणाऱ्याला थ्रॉटलसाठी सुचवेन, स्टिकसाठी नाही. मेटा क्वेस्ट ३ हा व्हीआर हेडसेट मला मनापासून आवडला, पण तो सगळ्यात शेवटी घ्या. हेडसेट डोक्यावर चढला की टेबल, कीबोर्ड, स्वतःचे हात, सगळं दिसायचं बंद होतं. मग जे बोटाला न बघता सापडतं तेवढंच तुमच्याकडे आहे असं समजायचं. ही जुळवाजुळव आधी झाली नसेल तर महागातला हेडसेटही आठवडाभरात कपाटात जातो.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात सीएनसी मशिनांच्या सर्व्हिसिंगचं काम करतो. दिवसभर एन्कोडर, लिमिट स्विच आणि बॅकलॅश यांच्याशी गाठ असते, त्यामुळे कंट्रोलर हातात आला की आत सेन्सर कुठला आहे हे मी पहिल्यांदा बघतो. या स्टिकच्या मुख्य दोन अक्षांना हॉल इफेक्ट सेन्सर आहेत. चुंबक हलतो, सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो, एकमेकांवर काही घासत नाही. स्वस्त जॉयस्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर घासत जाणारा पॉट (पोटेन्शिओमीटर) असतो. पट्टी झिजली की मधला बिंदू भरकटतो आणि हात न लावता विमान एका अंगाला झुकायला लागतं. ते लपवायला लोक डेडझोन, म्हणजे मधल्या बिंदूभोवतीची हालचाल न नोंदवणारी जागा, वाढवतात, आणि मग नेमकी बारीक हालचाल हवी तिथे स्टिक मुकी होते. हॉल सेन्सर असल्यावर डेडझोन शून्यावर ठेवता येतो. हवेत इंधन घ्यायला टँकरच्या मागे उडताना, जिथे स्टिक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हलवायची असते, तिथे याची किंमत कळते.

स्प्रिंग हलकी आहे आणि सगळं अंग प्लास्टिकचं. या किमतीत ते मला चालतं. माझी खरी अडचण बटणांची आहे. स्टिकवर १६ बटणं आहेत असं खोक्यावर वाचून बरं वाटतं, पण त्यातली १२ खाली बुडाशी, डावीउजवीकडे सहा-सहा अशी मांडलेली आहेत. मुठीत राहतात ट्रिगर, तीन बटणं आणि एक हॅट, म्हणजे अंगठ्याने वेगवेगळ्या दिशांना ढकलायची छोटी टोपी. आता एफ/ए-१८सी हॉर्नेटची खरी स्टिक डोळ्यांसमोर आणा. ट्रिमची (हात न लावता विमान सरळ राहावं म्हणून करायची जुळणी) चार दिशांची हॅट, रडार वगैरे निवडणारा सेन्सर कंट्रोल स्विच चार दिशांचा, शस्त्र निवडायचा स्विच चार दिशांचा. शिवाय बॉम्ब सोडायचं बटण, धरलेलं लक्ष्य सोडायचं अनडेझिग्नेटचं बटण आणि खाली करंगळीजवळचा पॅडल स्विच. तीन हॅटचं काम एका हॅटवर कसं भागवणार? मॉनिटरवर असताना नजर खाली टाकून बुडाचं बटण शोधता येतं. हेडसेटमध्ये ती बारा बटणं असून नसल्यासारखी.

उपाय आहे, आणि तो डीसीएसमध्येच आहे. थ्रॉटलवरचं एक बटण मॉडिफायर म्हणून नेमायचं. हॅट नुसती दाबली तर सेन्सर कंट्रोल, ते बटण धरून दाबली तर ट्रिम, दुसरं बटण धरून दाबली तर शस्त्रांची निवड. बोटांना सवय लागेपर्यंत त्रास होतो, पण काम होतं. ज्यांना हा व्याप नको त्यांनी थोडे पैसे जास्त घालून व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हीओ बघावी. तिच्यातही न घासणारे सेन्सर आहेत आणि अंगठ्याखाली हॅटची सोय खूपच चांगली. मित्राची मी भरपूर वापरली आहे. आज नव्याने घ्यायची झाली तर मी तीच घेईन.

टीडब्ल्यूसीएस थ्रॉटलबद्दल मात्र मला भरभरून बोलायचंय. तो रुळावर सरळ पुढेमागे सरकतो. तर्जनीखाली मिनी-स्टिक, अंगठ्याखाली तीन हॅट, बाजूला वरखाली होणारा रॉकर आणि एक फिरवायचं चाक. हॉर्नेटच्या खऱ्या थ्रॉटलवर जे जे असतं ते जवळजवळ ठरवून केल्यासारखं यावर बसतं: रडारचा कर्सर हलवणारा टीडीसी मिनी-स्टिकवर, दोन रेडिओंचा कॉम स्विच एका हॅटवर, क्षेपणास्त्रांना चकवणारे चॅफ आणि फ्लेअर दुसऱ्या हॅटवर, हवेत वेग कमी करणारा स्पीडब्रेक रॉकरवर आणि रडारच्या अँटेनाचं वरखाली करणं त्या चाकावर. प्रत्येक बटणाचा आकार वेगळा असल्याने बोट फिरवलं की कुठे आहोत ते कळतं. व्हीआरसाठी याहून मोठा गुण नाही. दोन उणिवा सांगतो. दोन इंजिनांना मिळून एकच दांडा आहे, आणि आफ्टरबर्नरच्या (जादा इंधन जाळून मिळणाऱ्या जादा जोराच्या) सुरुवातीला खटका लागत नाही. हेडसेटमध्ये आपण आफ्टरबर्नरमध्ये कधी शिरलो हे हाताला समजावं म्हणून मी रुळाच्या कडेला त्या जागी रबराचा पातळ तुकडा चिकटवलाय.

बसवण्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी बोलतो. स्टिक टेबलावर ठेवली की खांदा वर उचलला जातो, कोपर अधांतरी राहतं, आणि अर्ध्या तासात मान धरते. मी भोसरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून एमएस अँगलचे दोन ट्रे करून घेतले आणि टेबलाच्या कडेला क्लॅम्पने अडकवले. स्टिकचा ट्रे मांड्यांच्या मधोमध, थ्रॉटलचा डाव्या हाताला, दोन्ही बसल्यावर कोपराच्या किंचित खाली. हॉर्नेटची स्टिक खऱ्या विमानातही पायांच्या मधेच असते, त्यामुळे हेडसेटमध्ये जिथे स्टिक दिसते तिथेच हाताला लागते. एफ-१६ उडवणाऱ्यांनी ती उजवीकडे न्यावी, कारण त्या विमानात ती उजव्या कठड्यावर आहे. डोळा आणि हात यांचं असं जमलं की मेंदूची अर्धी तक्रार मिटते आणि मळमळही कमी होते.

डीसीएसमधल्या जोडणीत दोन गोष्टी सांभाळा. एक, नवं यंत्र लावलं की डीसीएस आपल्या मनाने त्याचे अक्ष पिच (नाक वरखाली), रोल (पंख डावेउजवे झुकणं), रडर (नाक डावीउजवीकडे), थ्रॉटलला जोडून टाकतं. थ्रॉटलचा एखादा अक्ष पिचवर जाऊन बसतो आणि विमान आपोआप नाक खाली घालतं. अक्षांच्या पानावर जाऊन नको असलेला प्रत्येक चौकोन रिकामा करा, मगच स्वतःची जोडणी सुरू करा. दोन, यूएसबीची वायर ज्या पोर्टात आहे तिथेच राहू द्या. पोर्ट बदलला की विंडोज बऱ्याचदा यंत्राला नवी ओळख देतं आणि केलेली सगळी बटणं गेल्यासारखी दिसतात. ‘सेव्ह्ड गेम्स’मधल्या डीसीएसच्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘इनपुट’ नावाचं फोल्डर आहे, त्याची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. पिच आणि रोलला मी १५ ची कर्व्ह देतो, म्हणजे मध्याजवळ स्टिकचा परिणाम सौम्य होतो. एवढी आखूड स्टिक असताना सरळ रेषेने हॉर्नेट फार चपळ वाटतं. आणि हेडसेटची दिशा मध्यावर आणणारी आज्ञा, जी मुळात नमपॅडच्या ५ वर असते, ती पहिल्याच दिवशी थ्रॉटलवर घ्या.

आता क्वेस्ट ३. प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल. दोन्ही डोळ्यांचे मिळून ९१ लाखांच्या वर होतात, म्हणजे साध्या फुल एचडी मॉनिटरच्या चौपटीहून जास्त, आणि भिंगाची वक्रता भरून काढायला संगणकाला चित्र त्याहूनही मोठं काढावं लागतं. माझ्याकडे आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि ६४ जीबी रॅम आहे. यावर मी ७२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रांना, बांधून घेतलंय. ७२ म्हणजे एका चित्राला सुमारे १३.९ मिलिसेकंद, ९० म्हणजे ११.१. ते पावणेतीन मिलिसेकंद काकेशसच्या नकाशावर, खाली गाव आणि वर ढग असताना, जीव वाचवतात. अधूनमधून अडखळणाऱ्या ९० पेक्षा न हलणारं ७२ पोटाला कितीतरी सुखाचं.

पॅनकेक भिंगं हे क्वेस्ट ३ घ्यायचं सर्वात मोठं कारण. स्वस्त क्वेस्ट ३एस मध्ये जुनी फ्रेनेल भिंगं आहेत, त्यात मध्यभाग स्वच्छ आणि कडा धूसर. कॉकपिटमध्ये डोकं स्थिर ठेवून नुसती नजर डाव्या डीडीआयवर (कॉकपिटमधल्या माहितीच्या पडद्यावर) टाकता यायला हवी, आणि ते पॅनकेकमध्येच नीट जमतं. चष्मेवाल्यांसाठी भिंगाचं अंतर मागेपुढे करायची सोय आहे. मी स्वतः नंबरची जोडभिंगं करून घेतली. चष्म्याच्या दुकानात पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजून घ्या आणि हेडसेटचं चाक त्या आकड्यावर लावा.

उणीव अशी की क्वेस्टला डिस्प्लेपोर्ट, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र थेट घेणारी जोडणी, नाही. चित्र आधी व्हिडिओसारखं दाबलं जातं, मग केबलने किंवा वायफायने हेडसेटमध्ये जाऊन उलगडतं. लांबचं विमान म्हणजे दोन-चार पिक्सेलचा ठिपका, आणि दाबण्यात पहिला बळी त्याचाच जातो. ज्यांना दूरच्या शत्रूची ओळख फार महत्त्वाची आहे, त्यांच्यासाठी प्रत्येक डोळ्याला २८८० × २८८० पिक्सेल देणारा आणि डिस्प्लेपोर्टवर चालणारा पिमॅक्स क्रिस्टल लाइट आहे. त्याला संगणकही तेवढाच दणकट लागतो. जुना एचपी रिव्हर्ब जी२ कुणी स्वस्तात विकत असेल तर जपून: तो ज्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालायचा, ती मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकली आहे.

वायफायने चित्र हेडसेटमध्ये पाठवायला मी व्हर्च्युअल डेस्कटॉप हे ॲप वापरतो. संगणक राउटरला लॅन केबलने जोडलेला, राउटर त्याच खोलीत, ५ गिगाहर्ट्झवर हेडसेटशिवाय दुसरं काही नाही. त्याचा व्हीडीएक्सआर रनटाइम (खेळ आणि हेडसेट यांना जोडणारा दुवा) निवडला की स्टीमव्हीआर हा दुसरा दुवा मधून बाजूला होतो आणि तेवढं ओझं कमी. डीसीएसमध्ये २०२३ च्या २.९ आवृत्तीपासून डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करणारं तंत्र, आलं. त्याने वेग मिळतो, पण एमएफडीवरचे, म्हणजे कॉकपिटमधल्या पडद्यांवरचे, बदलते आकडे फराटे ओढतात आणि जवळून जाणाऱ्या विमानामागे सावली राहते. मी कडा गुळगुळीत करणारं एमएसएए दोन पटीवर ठेवतो आणि सावल्या, ढग खाली उतरवतो. लढाईसाठी विमान नीट दिसणं महत्त्वाचं, गवत नाही.

एवढं सगळं कशासाठी? विमानवाहू जहाजावर उतरण्यासाठी. डावीकडून ६०० फुटांवर जहाजाच्या उलट दिशेने जाताना मान वळवायची आणि जहाज तिथे असतं, खऱ्या आकाराचं, खऱ्या अंतरावर. वळण कधी सुरू करायचं ते नजरेलाच समजतं. मॉनिटरवर हेच करताना हॅटने दृश्य फिरवायचं, परत आणायचं, तोवर उंची शंभर फूट घसरलेली. नजरेसमोर निशाणा दाखवणारं जेएचएमसीएस हेल्मेट आणि एआयएम-९एक्स क्षेपणास्त्र ही जोडी तर व्हीआरसाठीच जन्मली आहे. डोकं वळवून शत्रूकडे बघायचं, लॉक करायचं, सोडायचं. हेल्मेटची खूण खऱ्या विमानासारखी एकाच डोळ्याला दिसावी अशी सोयही हॉर्नेटच्या सेटिंगमध्ये आहे.

माझे मामा ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) होते, तिथे मिग-२१ परवान्याखाली तयार व्हायची. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, त्यानंतर ते घरी आले तेव्हा मी डीसीएसचं मिग-२१बिस सुरू करून हेडसेट त्यांना दिला. ते उडाले नाहीत. धावपट्टीवर उभ्या विमानात बसून डावीकडून उजवीकडे एकेक तबकडी वाचत गेले. मग म्हणाले, “अरे, ब्रेक कुठेय? स्टिकवरच हवा ना.” बरोबर होतं. मिगची चाकं थांबवायचा लिव्हर स्टिकवरच असतो, आणि तो दाबून पाय ज्या बाजूला द्याल त्या बाजूचं चाक जास्त धरतं. “मामा, तो बटणावर घेतलाय,” म्हटलं, तर म्हणाले, “आणि पाय?”

पाय माझ्याकडे नव्हतेच. हॉर्नेटला स्टिक पिळून रडर चालून जातो, संगणकच बरंचसं सांभाळतो. मिग-२१ जमिनीवर वळवायची तर पेडल हवेत. थ्रस्टमास्टरचे टीएफआरपी पेडल टीडब्ल्यूसीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये थेट लागतात, वेगळा यूएसबी पोर्ट लागत नाही, ही सोय चांगली. पण दोन पावलं फारच जवळजवळ ठेवावी लागतात, म्हणून रुंद अंतराचा जोड आधी कुणाकडे तरी बसून बघणार आहे. आणि तुमच्याकडे यातलं काहीच नसेल तर डीसीएस फुकट उतरवून घ्या. सु-२५टी आणि टीएफ-५१डी ही विमानं त्यात येतात, आणि त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेल्या आवृत्तीत बहुतेक विमानं १४ दिवस विनामूल्य चालवून बघता येतात. स्टिक एखाद्या मित्राची उसनी आणा आणि त्यावर सुरुवात करा.