तीन वर्षं ते मला ‘थांब’ म्हणत राहिले

आमच्या विहिरीला लागून असलेला एक एकराचा तुकडा मी २०१४ च्या अक्षय्य तृतीयेला घ्यायचा ठरवला. किंमत २२ लाख. मालक आमचे बांधकरी, माझ्या वडिलांच्या पंगतीला बसलेले. मी त्यांना अण्णा म्हणायचो. शंभराच्या स्टॅम्पवर विसार पावती (आगाऊ रक्कम देऊन केलेला करार) झाली, नोटरीचा शिक्का बसला, मी ४ लाखांचा चेक दिला. ‘सहा महिन्यांच्या आत खरेदीखत करून देईन’ असं पावतीत स्पष्ट लिहिलं होतं. रीतसर साठेखत (पुढे विक्री करून देण्याचा करार) करून दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयात, नोंदवा, असं बायको तेव्हाच म्हणाली होती. अण्णा म्हणाले, “घरातल्या घरात कशाला तो खर्च?” आणि मी मान डोलावली.

सातबाऱ्यावर अण्णांबरोबर त्यांच्या बहिणीचंही नाव होतं. “ताई दिवाळीला येईल, तेव्हा सही घेतो.” दिवाळी गेली. मग ताईंचं आजारपण, मग मोजणी, मग अण्णांच्या मुलीचं लग्न. प्रत्येक वेळी थोडे पैसे लागायचे: मोजणीच्या फीला, हक्कसोडपत्राला, लग्नाला. मी हातोहात देत गेलो. सगळे मिळून ५ लाख, आणि एकाचीही पावती नाही. मागायचा धीर झाला नाही. नात्यातल्यासारख्या माणसाकडे पावती मागायची कशी, असं वाटायचं. त्यांना नेमकं तेच माहीत होतं.

२०१७ च्या पोळ्याला गावी गेलो तर तुकड्याला तारेचं कुंपण. तलाठ्याकडे फेरफार (मालकी बदलाची नोंद) पाहिला, सूची क्रमांक दोनची (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीची) नक्कल काढली. जानेवारीतच तिसऱ्याच माणसाला नोंदणीकृत खरेदीखत झालं होतं, ३१ लाखांना. मी ताईंच्या सासरी गेलो. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या व्यवहाराचं मला कधी कुणी सांगितलंच नाही. जानेवारीत दादा आला, मी सही केली.” म्हणजे ज्या सहीसाठी मी अडीच वर्षं थांबलो, ती कधी कुणी मागितलीच नव्हती. त्या दिवशी घरी कसा आलो ते आठवत नाही.

पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी स्वरूपाचं आहे’ एवढंच सांगितलं. वकिलांनी पावती हातात घेऊन आधी कॅलेंडर पाहिलं. खरेदी करून देण्याची तारीख करारात ठरलेली असेल तर करार पाळायला लावण्याचा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. तारीख ठरलेली नसेल, तरच समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षं मोजतात. माझी मुदत २ नोव्हेंबर २०१७ ला संपत होती. “थांब, थांब” म्हणत अण्णांनी माझे तीन वर्षांतले जवळजवळ सगळे दिवस खाल्ले होते. ऑक्टोबरात दावा दाखल झाला. कोर्ट फी ठरलेल्या पूर्ण २२ लाखांवर भरावी लागली.

पावती नोंदणीकृत नसली तरी अशा दाव्यात कराराचा पुरावा म्हणून चालते, हे कळल्यावर जरा आशा वाटली. पण माझी उलटतपासणी निघाली वेगळ्याच गोष्टीवर. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम १६ सांगतं की करार पाळायला मी स्वतः सतत तयार होतो हे मी सिद्ध करायचं. अण्णांचे वकील म्हणाले, “नोव्हेंबर २०१४ मध्ये तुमच्या खात्यावर किती होते?” एक लाख ऐंशी हजार. भाऊ आणि सोसायटी मिळून उरलेले १८ लाख उभे करणार होतो, पण ते कागदावर कुठेच नव्हतं. “पैसे तयार आहेत, खरेदीला या, असं एकदा तरी लेखी कळवलंत?” नाही. एक नोटीस, एक रजिस्टर पत्र, काहीही नाही. फोन मात्र शंभर केले असतील.

याच कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनं न्यायालयाचा स्वेच्छाधिकार (करार पाळायला लावायचा की नाही हे आपल्या मर्जीनं ठरवण्याचा अधिकार) बराच कमी झाला आहे, पण ही तयारी सिद्ध करण्यातून खरेदीदाराची सुटका झालेली नाही. जे आज कुणाला विसार देऊन बसले आहेत त्यांनी आजच वकिलामार्फत नोटीस पाठवावी आणि पैशांचा पुरावा जपून ठेवावा. साठेखत नोंदवाच. माझं नोंदवलेलं असतं तर ते सूचीत दिसलं असतं आणि नव्या खरेदीदाराला ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणता आलं नसतं. तो नेमकं तेच म्हणाला, आणि न्यायालयाला ते पटलं. सातबाऱ्यावर जेवढी नावं, तेवढ्या सगळ्यांच्या सह्या पहिल्याच कागदावर घ्या. त्या माणसांना स्वतः जाऊन भेटा.

निकाल २०२३ मध्ये लागला. जमीन मिळाली नाही. वकिलांनी दाव्यात पैसे परत मिळण्याची पर्यायी मागणी घातली होती म्हणून निदान चेकचे ४ लाख सव्याज देण्याचा हुकूम झाला. ती मागणी दाव्यात नसेल तर न्यायालय रक्कम परत देववत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. रोखीचे ५ लाख सिद्ध झाले नाहीत. हुकूम झाल्यावरही अण्णांनी पैसे दिलेले नाहीत, म्हणून आता त्या रकमेच्या वसुलीची दरखास्त (हुकूम अमलात आणण्याचा न्यायालयाकडे अर्ज) लावली आहे. विहिरीवर जायला पूर्वी त्या तुकड्यातून वाट होती. आता कुंपणाला वळसा घालून जातो.