थेट सरपंच की सदस्यांतला? डोंगलच्या बाजूने पाहिलं तर

सरकार बदललं की सरपंच निवडायची पद्धत बदलते, हे आता महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलं आहे. २०१७ मध्ये फडणवीस सरकारने थेट जनतेतून सरपंच आणला. २०२० मध्ये महाविकास आघाडीने तो रद्द करून निवड पुन्हा निवडून आलेल्या सदस्यांकडे दिली. अध्यादेशावर राज्यपालांची सही मिळाली नाही म्हणून विधेयक आणावं लागलं. जुलै २०२२ मध्ये मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री एवढ्या दोघांच्याच मंत्रिमंडळाने थेट निवड परत आणली. नगराध्यक्षांचा झोका याहून जुना आहे: २००१ ला थेट, २००६ ला बंद, मग २०१६, २०२० आणि २०२२ असा पुन्हा तोच खेळ.

हे इतकं सहज होतं, कारण घटनेने गावपातळीवर मोकळीक ठेवली आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम २४३सी प्रमाणे पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा प्रमुख सदस्यांनी सदस्यांतूनच निवडायचा असतो. गावचा प्रमुख कसा निवडायचा ते मात्र राज्याने ठरवायचं. म्हणून जिल्हा परिषद अध्यक्षाच्या निवडीला कुठलंही सरकार हात लावत नाही आणि सरपंचाच्या निवडीला प्रत्येक सरकार लावतं.

या धरसोडीचा एक फायदा झाला. जानेवारी २०२१ ला निवडून आलेल्या ग्रामपंचायतींत सरपंच सदस्यांतून झाले, डिसेंबर २०२२ च्या ग्रामपंचायतींत थेट. त्यामुळे एकाच तालुक्यात, एकाच गटविकास अधिकाऱ्याखाली, दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालताना पाहता आल्या.

सदस्यांतून निवड म्हणजे निकालानंतर खरी निवडणूक. सातच्या पंचायतीत चार डोकी जमवायची, ती फुटू नयेत म्हणून ‘सहली’ला न्यायची आणि सरपंच निवडीच्या सभेच्या दिवशी थेट ग्रामपंचायत कार्यालयापाशी उतरवायची. यावर आजवर पुष्कळ बोलून झालं आहे, आणि पैसा थेट निवडणुकीतही लागतोच. उलट तिथे तो एका माणसाच्या अंगावर येतो: २०१७ ला राज्य निवडणूक आयोगाने ७ ते ९ सदस्यांच्या गावात सदस्याला २५ हजार आणि थेट सरपंचाला ५० हजार खर्चाची मर्यादा दिली; १५ ते १७ च्या गावात सरपंचाला पावणेदोन लाख. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पदाचा लिलाव हाही एकाच पद्धतीचा रोग म्हणता येणार नाही, जरी असा लिलाव झाला म्हणून उमराणे (नाशिक) आणि खोंडामळी (नंदुरबार) या गावांची निवडणूक आयोगाने रद्द केली ती सदस्यांतून निवडीच्या काळात.

आरक्षणाचा घोळ मात्र नक्की सदस्यांतल्या निवडीचा. २०२१ ला सरपंचपदाची सोडत मतदानानंतर काढली. हेतू बरा होता: पद कोणत्या प्रवर्गाचं ते आधीच कळलं तर त्यासाठी बोली लागते. पण काही गावांत सोडतीत असा प्रवर्ग निघाला, ज्याचा एकही सदस्य निवडून आलेला नव्हता. काही ठिकाणी एकच होता, मग तो किंवा ती बिनविरोध, आणि पाठीशी कोणी नाही. थेट पद्धतीत प्रवर्ग आधी जाहीर होतो आणि त्या प्रवर्गातल्या दोन-चार उमेदवारांतून सगळं गाव निवडतं.

तरीही माझं पारडं झुकलं ते यामुळे नाही. झुकवलं डोंगलने, म्हणजे सरपंचाची डिजिटल सही ज्यात असते त्या छोट्या यूएसबी उपकरणाने.

वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जातो आणि प्रत्येक देयकाला दोन डिजिटल सह्या लागतात, ग्रामसेवकाची आणि सरपंचाची. सरपंच बदलला की जुनी डिजिटल सही निकामी. नव्या नावाने डोंगल काढायचा, पोर्टलवर नोंदवायचा, वरून मान्यता मिळवायची. ग्रामनिधी आणि पाणीपुरवठ्याच्या बँक खात्यावर सही बदलायला ठरावाची प्रत द्यायची. कुठे आधारवरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळत नाही, कुठे मोबाइल नंबर दुसऱ्याचाच. आठवड्याचं काम दीड महिन्यावर जातं. तोवर पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकतं, शिपायाचा पगार अडतो, ठेकेदार रोज ओट्यावर येऊन बसतो. हे फेब्रुवारीत घडलं तर मार्चअखेरचा खर्च गेलाच.

सदस्यांतल्या निवडीत हा बदल अपघाताने होत नाही, ठरवून होतो. बहुमत जुळवताना पद वाटून घेतलेलं असतं: सव्वा वर्ष तू, सव्वा वर्ष मी. पाच वर्षांत चार सरपंच. पहिल्याने ठरल्या तारखेला राजीनामा दिला तर डोंगलची रखडपट्टी; दिला नाही तर अविश्वास ठराव, मग कोर्ट, आणि वर रखडपट्टी आहेच. सव्वा वर्षात कामाचं एक चक्रही पुरं होत नाही. ऑक्टोबरात आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, काम, मूल्यांकन, बिल. आराखडा एकाचा, काम दुसऱ्याच्या काळात, बिल तिसऱ्याच्या सहीने, आणि गटार उलट्या उताराचं निघालं तर विचारायचं कुणाला?

थेट सरपंचाला पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने अविश्वासाने हात लावता येत नाही. मधल्या काळातही आधी तीन चतुर्थांश सदस्य लागतात, नंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान. पद वाटून घ्यायचा करारच होत नाही, कारण राजीनाम्यानंतर पुढचा सरपंच पुन्हा गावच निवडणार. याची दुसरी बाजूही खरी आहे. चुकीचा माणूस बसला तर पाच वर्षं तोच, आणि पद रिकामं झालं तर पोटनिवडणुकीपर्यंत उपसरपंचावर भागवावं लागतं. सदस्यांतली निवड तहसीलदार लवकर उरकून देतो, हे मान्य करायला हवं.

एका जागी मी थेट निवडीचा आग्रह धरणार नाही: गट ग्रामपंचायत. कोकणात किंवा डोंगरपट्ट्यात तीन-चार गावं, दहा वाड्या एका पंचायतीत असतात. तिथे थेट मतदानात सर्वांत मोठं गाव दर वेळी सरपंच देतं. लहान वाडीच्या माणसाला त्या खुर्चीवर बसायची वाट सदस्यांतल्या निवडीतच सापडते, मग ती सव्वा वर्षाची का असेना. नगराध्यक्षांबाबतही मी थोडा कचरतो. तिथे पक्षचिन्हं आहेत, विषय समित्या आहेत, आणि अध्यक्ष एका पक्षाचा व बहुमत दुसऱ्याचं झालं की भांडण सभागृहाबाहेरच्या नेत्यांपर्यंत जातं.

गावातही ही अडचण येतेच. मतदार सरपंचाला एका पॅनलचं बटण दाबतो आणि वॉर्डात भावकीचं. पण गणित वाटतं तितकं वाईट नाही. थेट सरपंच धरून सातची पंचायत आठची होते. सरपंचाचं स्वतःचं मत आणि तीन सदस्य म्हणजे चार-चार. समसमान झाल्यावर निर्णायक मत सरपंचाचंच. उपसरपंच निवडीतही हेच चालतं. म्हणजे सदस्यांतल्या पद्धतीत जिथे चार हवे होते, तिथे तीनवर भागतं. दोनच आले तर मात्र पहिल्या मासिक सभेआधीच समोरच्या पॅनलमधल्या एकाशी उपसरपंचपदाचं बोलून घ्यावं लागेल.