‘काका, बोर्ड गेलाय’

संगणकाचं बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, स्क्रीन मात्र काळीच. त्याआधी चार दिवस रोज सकाळी घड्याळ भलतीच तारीख दाखवत होतं, तिकडे मी काणाडोळा केला होता. शेवटी अख्खा कॅबिनेट उचलला आणि दुरुस्तीवाल्याकडे ठेवून आलो. आत काय काय आहे याचा ना फोटो, ना नोंद. माझी पहिली चूक ही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ‘‘काका, बोर्ड गेलाय. शॉर्ट आहे. नवीन टाकावा लागेल.’’ बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी. त्याने सांगितलेला आकडा असा होता की ऐकून पोटात गोळा यावा, पण नवा संगणकच घेऊ असंही वाटू नये. असा आकडा काढायलाही कसब लागतं. मी ‘टाका’ म्हणालो.

बोर्ड खरंच शॉर्ट असता तर एसएमपीएसने, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याने, बहुधा पंख्याला एक झटका देऊन लगेच मान टाकली असती. माझा पंखा तर मिनिटन् मिनिट बिनतक्रार फिरत होता. पण हे मला पुढे कळलं.

मशीन परत आलं, सुरू झालं, पैसे दिले. जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, ‘‘तो भंगारात गेला, त्याचं काय करणार तुम्ही?’’ खरंच, काय करणार होतो! मीही हसलो.

बिंग फुटलं ते प्रिंटरमुळे. घरातल्या फाइली सगळ्यांना उघडता याव्यात म्हणून मी राउटरमध्ये या संगणकाला नेटवर्कवरचा कायमचा एक पत्ता बांधून ठेवला होता, शेवटी ५० असलेला. प्रिंटर चालेना म्हणून राउटर उघडून बघतो, तर संगणक त्याच ५० वर बसलेला. आता हा पत्ता बांधला जातो तो नेटवर्कच्या जोडणीला कारखान्यातच मिळालेल्या ओळख क्रमांकावर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवर, आणि केबलचं नेट बोर्डावरच्याच सॉकेटमधून येत असेल तर तो मॅक अ‍ॅड्रेस बोर्डाचा असतो. बोर्ड बदलला की तोही बदलायला हवा. माझा बाराच्या बारा अक्षरांसकट जुनाच होता. विंडोजनेही नव्या बोर्डाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. एरवी बोर्ड बदलला की परवाना पुन्हा पडताळण्याची, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशनची भुणभुण बहुधा सुरू होते.

माळ्यावरून बोर्डाचा जुना खोका काढला. कॅबिनेटची बाजू उघडून, मोबाइलच्या उजेडात स्टिकरवरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहिला. तोच. प्रोसेसरच्या पंख्याखाली आमच्याच घरची धूळ, नमद्यासारखी बसलेली. चकचकीत होता तो फक्त संगणकाचं घड्याळ चालू ठेवणारा रुपयाएवढा गोल सेल, २०३२ नंबरचा, तीन व्होल्टचा. आणि रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्यांच्या जागी एकच. टास्क मॅनेजरमध्ये १६ ऐवजी ८ जीबी. मशीन सुरू होतंय या आनंदात तेही पाहिलं नव्हतं.

म्हणजे सेल बदलला, रॅम काढून पुन्हा बसवली, बहुधा एवढंच. रॅमच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवून, एकेक पट्टी लावून बघणं हे काम प्लग काढून घरीही करता येतं. माझ्या मशीनचं दुखणं नेमकं कुठलं होतं, हे मात्र आता त्यालाच ठाऊक.

खोका घेऊनच गेलो. आधी ‘‘नंबर सारखे असू शकतात’’, मग ‘‘नवीन बोर्ड बसेना, म्हणून तुमच्याच बोर्डाचा सेक्शन दुरुस्त केला’’. मग पैसे नव्या बोर्डाचे का घेतले? यावर गल्ल्याकडे बघत गप्प. रॅमची पट्टी ‘चुकून दुसऱ्या मशीनमध्ये गेली’ होती, ती ड्रॉवरमधून दोन मिनिटांत निघाली.

पैसे मिळाले नाहीत. पावती दाखवा म्हणाला, आणि पावतीवर लिहिलं होतं फक्त ‘मशीन रिपेअर’. कुठला पार्ट, कुठला सीरियल नंबर, वॉरंटी किती, काही नाही. मशीन देताना मी स्टिकरचे दोन फोटो काढले असते आणि पैसे देण्याआधी जुना बोर्ड टेबलावर ठेवा म्हटलं असतं, तर त्याला तिथेच दुसरी गोष्ट रचावी लागली असती. हार्डडिस्कही मी तशीच दिली होती, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून. घरी येऊन आधी बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलले. ती चिठ्ठी अजून त्याच्या काउंटरच्या काचेखाली आहे.