रूकी टाइट एंड निवडायला पैसे देऊन ड्राफ्ट गाइड घ्यावं का? दोन सीझनचा अनुभव

२०२४ आणि २०२५ असे दोन सीझन मी फॅन्टसी फुटबॉलचं (अमेरिकन फुटबॉलचं) एक पेड ड्राफ्ट गाइड, म्हणजे कोणता खेळाडू आधी निवडायचा ते सांगणारं, वापरलं, दोन्ही वेळा ऑगस्टमध्ये ३० डॉलरच्या आसपास भरून, त्यामुळे आता मनापासून लिहिते. नाव देत नाहीये, कारण माझी तक्रार त्यातल्या एकाच प्रकरणाबद्दल आहे आणि बाकी गाइड मला आवडलंय. ते प्रकरण म्हणजे रूकी टाइट एंड, म्हणजे कॉलेजमधून पहिल्याच वर्षी एनएफएलमध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, आलेला टाइट एंड.

आमची लीग न्यू जर्सीत, १२ टीम, निम्मी मंडळी मराठी आणि बाकी दादाच्या ऑफिसातली. तिकडे भारतात बऱ्याच जणांना फॅन्टसी म्हणजे एका मॅचपुरती टीम लावणं माहितीये, इथे तसं नाही, सीझनच्या आधी एकदाच ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडूंची निवड, होतो, एक खेळाडू एकाकडेच जातो आणि मग डिसेंबरपर्यंत त्याच्याशी संसार करायचा. म्हणून नवख्या पोरावर पिक घालवायचं म्हणजे खूप विचार करावा लागतो, आणि त्यासाठीच तर गाइड घेतो ना आपण.

टाइट एंड म्हणजे क्रिकेटमधला विकेटकीपर-बॅट्समन समजा. टीमला त्याच्याकडून दोन कामं हवी असतात, कधी लाइनवर उभं राहून समोरच्या धिप्पाड माणसाला अडवायचं आणि कधी पळत जाऊन बॉल पकडायचा. फॅन्टसीचे पॉइंट फक्त दुसऱ्या कामाचे मिळतात. अख्खी मॅच मैदानावर राहून, सुंदर ब्लॉकिंग करून, कोचची शाबासकी मिळवून पोरगा तुमच्या टीमला शून्य देऊ शकतो! आणि दोन्ही कामं शिकायला वेळ लागतो म्हणून पहिलं वर्ष बहुतेकांचं कोरडंच जातं. जॉर्ज किटलसारखा नावाजलेला टाइट एंड, त्याचे २०१७ च्या पहिल्या वर्षी ४३ कॅच आणि ५१५ यार्ड. ट्रॅव्हिस केल्सीचं २०१३ तर गुडघ्याच्या ऑपरेशनमध्येच गेलं, एकही कॅच नाही.

२०२४ च्या गाइडने हा इतिहास फार छान मांडला होता, त्याचं कौतुक करायलाच हवं. हॉकन्सन या टाइट एंडचं उदाहरण मला तिथेच नीट कळलं. २०१९ मध्ये एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने त्याला आठव्या नंबरवर घेतला, पहिल्याच मॅचमध्ये ॲरिझोनाविरुद्ध ६ कॅच, १३१ यार्ड आणि एक टचडाउन (बॉल समोरच्या टोकापर्यंत नेऊन केलेला स्कोअर), म्हणजे पीपीआरने (या पद्धतीत प्रत्येक कॅचलाही एक पॉइंट) २५.१ पॉइंट, आणि लोक वेडे झाले. सीझन संपला तेव्हा १२ मॅचमध्ये मिळून ३२ कॅच आणि ३६७ यार्ड. पहिली मॅच सोडली तर ११ मॅचमध्ये २६ कॅच! काइल पिट्सचंही होतं, २०२१ ला चौथ्या नंबरवर गेलेला, यार्ड १०२६ पण टचडाउन फक्त एक, तोही लंडनच्या मॅचमध्ये. यार्ड बघून आपण खूश होतो आणि कॅच, यार्ड, टचडाउन मिळून बेरीज येते १७६.६. त्याच हिशोबाने सॅम लापोर्टाचे २०२३ चे ८६ कॅच, ८८९ यार्ड आणि १० टचडाउन म्हणजे २३४.९. यार्ड कमी असून ५८ पॉइंट जास्त, आणि लापोर्टा दुसऱ्या राउंडमध्ये, ३४ व्या नंबरवर निवडलेला. असं मांडलेलं मला आवडतं, आकडा समोर ठेवला की डोकं शांतपणे चालतं.

पण एवढं सगळं सांगून गाइडने शेवटी सल्ला काय दिला, तर रूकी टाइट एंड घेऊ नका. त्या वर्षीच्या ब्रॉक बॉवर्सबद्दल लिहिलं होतं की त्याच्या टीमकडे, रेडर्सकडे, मायकल मेयर हा टाइट एंड आधीच आहे, क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकणाऱ्याचा, भरवसा नाही, तेव्हा लांब राहा. मी लांब राहिले. दादाने घेतला. पुढचं सगळ्यांना माहितीये, ११२ कॅच, ११९४ यार्ड, ५ टचडाउन, कुठल्याही पोझिशनच्या रूकीने कधी घेतले नव्हते इतके कॅच, आणि यार्डमध्ये त्याने माइक डिटकाचा १९६१ पासूनचा १०७६ चा टाइट एंड रूकींचा विक्रम मोडला. टीम मात्र ४ जिंकून १३ हरली. त्या वर्षी मी गाइडला दोष दिला नाही, कारण ऑक्टोबरमध्ये रेडर्स आपल्या मुख्य रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला), दावांते ॲडम्सला, जेट्सकडे पाठवतील हे ऑगस्टमध्ये छापायचं कसं? टीममध्ये ज्याच्याकडे बॉल टाकावा असं दुसरं कोणी उरलंच नाही की टाइट एंडचं भाग्य उघडतं. एव्हन एन्ग्रमचंही जायंट्सकडे २०१७ ला हेच झालं होतं, त्यांचा मुख्य रिसीव्हर ओडेल बेकम ज्युनियर जखमी होऊन बाहेर गेला आणि पोराला ६४ कॅच मिळाले.

खरी अडचण झाली २०२५ ला. बॉवर्सवर हुकल्यामुळे असेल, गाइडने एकदम उलटी उडी मारली. आता म्हणे रूकी टाइट एंडचा जमाना आलाय, आणि कोल्स्टन लव्हलँडला टायलर वॉरेनच्या वर ठेवलं. कारणं दोनच. लव्हलँड शिकागोने १० व्या नंबरवर घेतला आणि वॉरेन इंडियानापोलिसने १४ व्या. आणि शिकागोचा नवा कोच बेन जॉन्सन, जो डेट्रॉइटला लापोर्टाच्या वेळी ऑफेन्स सांभाळायचा, म्हणजे लव्हलँड हाच पुढचा लापोर्टा. वाचायला फार पटतं हो हे. मलाही पटलं, मी नवव्या राउंडला घेतला.

गाइडने जे लिहिलंच नव्हतं ते असं. लव्हलँडच्या खांद्याचं ऑपरेशन जानेवारीत झालेलं, त्यामुळे उन्हाळ्यातला सराव अर्धवट, आणि त्याच्या पुढे कोल कमेट उभा, टीमचा जुना, भरवशाचा माणूस. उलट कोल्ट्सकडे, म्हणजे इंडियानापोलिसकडे, टाइट एंडची जागा जवळपास रिकामी होती, वॉरेन पेन स्टेटला शेवटच्या वर्षी १०४ कॅच आणि १२३३ यार्ड करून आलेला, त्याला पहिल्या दिवसापासून काम मिळणार हे उघड होतं. मिळालंच, मायामीविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये ७ कॅच आणि ७६ यार्ड. माझा लव्हलँड तेव्हा बेंचवर बसायच्याही लायकीचा वाटत नव्हता, आणि पाचव्या आठवड्यात शिकागोची बाय (मॅच नसलेला आठवडा) आली तेव्हा मी त्याला सोडून दिला. मग २ नोव्हेंबरची ती सिनसिनाटीची मॅच, १७ सेकंद उरलेले असताना ५८ यार्डचा टचडाउन, शिकागो ४७-४२ ने जिंकलं, लव्हलँडचे त्या दिवशी ६ कॅच, ११८ यार्ड, २ टचडाउन. वेव्हरवरून, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून, त्याला उचललेल्या वहिनींच्या टीमला २९.८ पॉइंट. मी त्या रात्री खरंच खूप वेळ जागी होते.

म्हणजे पोरगा चांगला आहे हे गाइडचं बरोबर होतं. पण मला पोरगा चांगला आहे का हे विचारायचंच नव्हतं, पहिल्या राउंडला जाणारे सगळेच चांगले असतात. मला हवं होतं की त्याला काम कधी मिळणार, आणि न मिळाल्यास किती आठवडे थांबायचं. दहावीच्या गाइडमध्ये तयार उत्तरं असतात तशी इथे तयार रँक आहे, पण पेपर बदलला की काय करायचं ते कुठेच नाही. सप्टेंबरनंतर त्या प्रकरणात एक ओळही बदलली नाही, आणि माझ्या मते ३० डॉलर घेणाऱ्याने एवढं करायलाच हवं.

आता मी स्वतः काय बघते ते सांगते, म्हणजे गाइड घेतलं तरी उपयोग होईल. त्याच्या पुढे टीममध्ये कोण आहे, हे सगळ्यात आधी. मग प्रीसीझनमध्ये पहिल्या टीमबरोबर तो किती वेळा पास पकडायला पळतोय आणि किती वेळा नुसता ब्लॉक करतोय, कारण नुसता स्नॅपचा, म्हणजे तो किती वेळा मैदानावर होता त्याचा, आकडा फसवतो. त्यानंतर तुमच्या लीगचं स्कोअरिंग, हे फार महत्त्वाचं आहे आणि लोक विसरतात. बॉवर्सचं तेच २०२४ चं वर्ष कॅचला पॉइंट नसलेल्या साध्या स्कोअरिंगमध्ये १४९.४, पीपीआरमध्ये २६१.४, आणि टाइट एंडला कॅचमागे दीड पॉइंट देणाऱ्या लीगमध्ये ३१७.४. गाइडमध्ये रँक एकच छापलाय, तिन्ही लीगना.

रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) आणि रिसीव्हरचे टिअर, म्हणजे दर्जाप्रमाणे गट, बाय आठवड्यांचा तक्ता, मॉक (सरावाच्या) ड्राफ्टच्या नोट्स, यासाठी ५ पैकी ४ देईन. पहिल्यांदा खेळणाऱ्याने जरूर घ्यावं, दादाच्या ऑफिसातल्या एका नव्या मुलीला मीच घ्यायला लावलं आणि ती प्लेऑफला पोचली. रूकी टाइट एंडच्या प्रकरणाला २, त्यातही इतिहासाच्या तक्त्याचेच. रिन्यूअलचा मेल येऊन पडलाय, त्यांना उत्तरात हेच सगळं लिहून पाठवलंय आणि विचारलंय की यंदा सीझन चालू असताना ते प्रकरण अपडेट करणार का. हो म्हणाले तर भरेन.