गणपती देखाव्याचे बोर्ड - आमच्या भागातलं छोटं पेंटरचं दुकान

पालिका निवडणुका रखडल्या होत्या तेव्हाची गोष्ट, आमच्या मंडळाचा देखावा खड्डे आणि त्या रखडलेल्या निवडणुकांवर होता, मजकूर बघूनच दोन फ्लेक्सवाल्यांनी नको म्हटलं, एक तर म्हणाला राजकीय काढा मग करतो. इथल्या काकांनी शांतपणे सगळं वाचलं, शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या आणि एक शब्दही न बदलता कापडावर हाताने रंगवून दिलं. अक्षर इतकं सुंदर की रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं. फक्त एक दिवस उशीर झाला, आणि पावसात एका बोर्डाचा लाल रंग थोडा ओघळला.

लोक का घाबरतात तेही कळतं, २०२२ ला कल्याणच्या विजय तरुण मंडळाचा शिवसेना फुटीवरचा देखावा पोलिसांनी जप्त केला होता, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. पण टिळकांनी १८९३ पासून उत्सव रस्त्यावर आणला तो लोकांनी एकत्र येऊन बोलावं म्हणूनच ना? संविधानाचं कलम १९, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, मांडवाच्या दारात संपत नाही. शिवीगाळ नको, कुणाच्या धर्मावर नको, एवढं काकांनीही आधीच बजावलं, ते मला पटलं.

पुढच्या वर्षीही इथेच देणार, फक्त ऑर्डर पंधरा दिवस आधी द्या.