बातम्यांचं ॲप: नोटिफिकेशन फास्ट, खरंखोटं तुमचं तुम्ही बघा (२ स्टार)

प्रीमियम घेऊन आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. नाव टाकत नाही, कारण असली ॲप डझनभर आहेत आणि बहुतेकांची तऱ्हा हीच. चांगलं आधी सांगतो, जाहिराती गेल्या, अक्षर मोठं करता येतं, पाणी कधी येणार नाही ते आईला आदल्या दिवशी कळतं. इथपर्यंत पैसे वसूल.

आता मूळ तक्रार. भाची मेलबर्नला शिकतीये त्यामुळे आमच्याकडे "परदेशात भारतीयावर हल्ला" टाइप बातमी आली की घरभर फोनाफोनी होते. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला आईच्या मोबाईलवर टिंग, ऑस्ट्रेलियात भारतीय विद्यार्थ्यावर वर्णद्वेषी हल्ला, व्हिडिओ पाहा. आईने लगेच भाचीला फोन लावला, तिकडे पहाट, पोरगी दचकून उठली. मी बातमी उघडली तर शहर नाही, तारीख नाही, पोलिसांचं एक वाक्य नाही, नुसतं "व्हायरल व्हिडिओत दिसतंय की" यावर चार परिच्छेद. आणि व्हिडिओत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चाललेल्या! अहो ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, डेस्कवर एवढंही कुणी बघितलं नाही? सकाळी बातमी गायब. चूक झाली, माफ करा, काही नाही. सपोर्टला लिहिलं तर "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद".

मी याबाबत एवढा काटेकोर का, तर २००९-१० ला मी स्वतः मेलबर्नला होतो, रात्री पेट्रोल पंपावर ड्युटी करायचो. तेव्हा इकडच्या चॅनेलवर रोज वर्णद्वेष वर्णद्वेष चालू होतं आणि आई रोज म्हणायची परत ये. जानेवारी २०१० मध्ये एका भारतीय तरुणाचा कामावर जाताना खून झाला, इकडे त्याच दिवशी हेतू ठरवून मोकळे. पुढे गुन्हा कबूल केला तो हल्ला केला तेव्हा १५ वर्षांचा असलेल्या मुलाने, आणि मोबाईल लुटायचा होता असं कोर्टात समोर आलं. त्याच महिन्यात दुसऱ्या एकाने सांगितलं की चौघांनी मला पेटवलं, ती पण इकडे मोठी बातमी झाली, नंतर पोलिसांनी त्याच्यावरच खोटी तक्रार दिल्याचा गुन्हा लावला, विम्याच्या पैशासाठी स्वतःची गाडी पेटवताना भाजला म्हणून. दरम्यान इकडे बाळासाहेबांनी ऑस्ट्रेलियन खेळाडूंना महाराष्ट्रात आयपीएल खेळू देणार नाही असं जाहीर पण केलं होतं.

मग सगळं खोटं होतं का? अजिबात नाही. ट्रेनमध्ये शिव्या मी स्वतः खाल्ल्यात. २०११ मध्ये तिथल्या क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या) इन्स्टिट्यूटने आकडे काढले, त्यात भारतीय विद्यार्थ्यांना मारहाण होण्याचं प्रमाण तिथल्या लोकांइतकंच किंवा कमी निघालं, पण लुटले जाण्याचं प्रमाण जास्त. रात्रीची ड्युटी, पंप, टॅक्सी, शेवटची ट्रेन, हे त्यामागचं एक कारण. पण त्या आकड्यांवरून वर्णद्वेष होता की नव्हता हे ठरवता येत नव्हतं, आणि असलं अर्धवट उत्तर कुठल्या नोटिफिकेशनमध्ये बसणार सांगा.

आणि उलट बाजूही आहे. फेब्रुवारी २०१७, अमेरिकेतल्या कॅन्ससमधलं ओलेथा, बारमध्ये भारतीय इंजिनिअरला गोळ्या घातल्या. तिथे पहिल्या दिवसापासून साक्षीदार होते, "माझ्या देशातून निघून जा" हे ऐकलेले, आणि खुन्याला २०१८ मध्ये वंशद्वेषाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली. म्हणजे "सगळे मीडियावाले फुगवतात" म्हणून बसला असतात तर तिथे तोंडावर पडला असतात.

ॲपची परीक्षा घ्यायची म्हणून सर्चमध्ये सिडनी टेस्ट टाकून बघितली, जानेवारी २०२१. सिराज आणि बुमराला शिवीगाळ झाली, चौथ्या दिवशी खेळ थांबला, अंपायरने मैदान सोडायचा पर्याय दिला, आपला अजिंक्य म्हणाला आम्ही खेळायला आलोय. सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. हे सगळं ॲपवर आहे, वर त्या सहा जणांना "वर्णद्वेषी" म्हणून शिक्का मारलेलं हेडिंग. पण जानेवारीच्या शेवटी क्रिकेट ऑस्ट्रेलियाने सांगितलं की शिवीगाळ झाली हे खरं, फक्त बाहेर काढलेले ते सहा जण ती करणारे नव्हते. ही बातमी ॲपवर? शोधून शोधून थकलो, नाही सापडली. घटना खरी आणि ज्यांना धरलं ते चुकीचे, दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे यांच्या सिस्टीमला झेपतच नाही बहुतेक.

त्यामुळे आता मी असली बातमी आली की दोन गोष्टी वेगळ्या करून वाचतो, काय घडलं ते कोण सांगतंय आणि का घडलं ते कोण सांगतंय. या ॲपवर पहिल्याचं उत्तर कधीमधी मिळतं, दुसऱ्याचं "बोललं जात आहे". कोण बोललं बाबा, नाव घे ना! मग तिथल्या लोकल पेपरची साईट उघडायची, पोलिसांचं निवेदन बघायचं, तीन-चार दिवस थांबायचं. हे सगळं मीच करायचं तर प्रीमियम कशाचं?

एक स्टार फॉन्टला, एक पाण्याच्या बातमीला. रिन्यू करणार नाही. तोपर्यंत आईच्या फोनवर ब्रेकिंगचं नोटिफिकेशन बंद केलंय, राशिभविष्याचं चालू ठेवलंय, ते बिचारं रोज बरोबर सातला येतं.