लांबून टॅग वाचायचा असेल तर पीएन५१८० की एसटी२५आर३९१६?

या दोन्ही आरएफआयडी रीडरच्या, म्हणजे बिनतारी टॅग वाचणाऱ्या, चिप. माझं काम होतं पुस्तकं परत घ्यायच्या पेटीचं. पुस्तक फळीवर ठेवलं की आतला टॅग आपोआप वाचला गेला पाहिजे, आणि रीडर फळीखाली, दिसणार नाही असा. फळी १८ मिमी प्लायवूडची, तिच्यावर एकावर एक तीन-चार पुस्तकं, म्हणजे सगळ्यात वरचा टॅग अँटेनापासून दहाएक सेंटीमीटरवर. ऐकायला हे अंतर फार वाटत नाही, पण कार्ड टेकवून दार उघडणारे रीडर इथे निम्म्या वाटेतच मान टाकतात.

आरसी५२२ आणि पीएन५३२ या दुसऱ्या दोन रीडर चिपचा विचार मी पहिल्याच दिवशी सोडला. दोन्ही आपापल्या कामाला उत्तम आहेत, पण आयएसओ १५६९३ या प्रमाणाचे, लांबून वाचायचे टॅग त्या वाचत नाहीत, आणि लांबून वाचायचं तर टॅग त्याच जातीचा हवा. आयएसओ १४४४३ च्या, म्हणजे जवळून टेकवायच्या, कार्डासाठी प्रमाणात धरलेलं किमान चुंबकीय क्षेत्र १.५ अँपिअर प्रति मीटर आहे, १५६९३ साठी ०.१५. हा दहापट फरक टॅग निवडतानाच पदरात पडतो, चिप कोणतीही घ्या. हातात आधीच १४४४३ ची कार्डं असतील आणि ती बदलता येणार नसतील, तर माझं पुढचं लिहिणं अर्धंच तुमच्या कामाचं.

दुसरी गोष्ट अँटेनाची. अंतर लूपच्या (अँटेनाच्या वेटोळ्याच्या) आकारापेक्षा बरंच जास्त झालं की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडत जातं. दुप्पट लांब जायला आठपट करंट लागतो, म्हणजे ६४ पट पॉवर. तेव्हा डेटाशीटवरचे वॅट बघून हुरळून जाऊ नका. लूपची त्रिज्या हव्या त्या अंतराच्या साधारण दीडपट ठेवता आली, तर साधी चिपसुद्धा चांगलं काम देते. मला जागेमुळे १५ सेंमी चौरसावर भागवावं लागलं, म्हणून चिपकडून जास्त अपेक्षा होती.

सुरुवात पीएन५१८० ने केली, आणि आजही कुणाला पटकन काहीतरी चालू करून बघायचं असेल तर मी तीच हातात देईन. १५६९३ ची फ्रेम (टॅगशी बोलायच्या निरोपाची ठरलेली मांडणी) ती स्वतः बांधते आणि स्वतः उलगडते. एसपीआयवर (मायक्रोकंट्रोलरशी बोलायच्या जोडणीवर) बोलताना, चिप कामात आहे हे सांगणाऱ्या बिझी पिनकडे नीट लक्ष ठेवलं की झालं. ती पिन न पाहता पुढची कमांड दिली की सगळं अडकतं आणि आपण सोल्डरिंगला दोष देत बसतो, एवढं सांभाळा. टेबलावर, प्लायचा तुकडा आणि चार जाड पुस्तकं मध्ये घालूनही टॅग वाचला गेला. मला वाटलं, काम संपलं.

मग बोर्ड पेटीत बसवला. पेटीच्या फळीला खालून लोखंडी अँगलची चौकट आहे. चारांपैकी दोनच पुस्तकं वाचली जाऊ लागली, तिसरं कधी वाचलं जायचं, कधी नाही.

कारण कळायला अवघड नव्हतं. लूपजवळ धातू आला की त्यात भोवरी प्रवाह फिरतात, लूपचं इंडक्टन्स घटतं आणि अनुनाद (लूप आणि कपॅसिटर मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला जुळतात ती) रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या वर सरकतो. उपायही सरळ दिसतो, कपॅसिटर थोडा वाढवायचा. पण तो वाढवायचा कसा, यातच माझे तीन आठवडे गेले. पेटीखाली पाठीवर झोपून बोर्ड काढायचा, १० पिकोफॅरॅडचा एक तुकडा उतरवून १५ चा लावायचा, व्हीएनएवर (अनुनाद कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर) बघायचं, सगळं बरोबर. बोर्ड परत चौकटीत स्क्रूने आवळला की आकडा पुन्हा हललेला. केबल हललेली असायची, माझा हात बाजूला झालेला असायचा, बोर्ड दोन मिलिमीटर वर बसलेला असायचा. चौकट असतानाचं ट्यूनिंग चौकटीबाहेर करता येत नाही, आणि चौकटीच्या आत सोल्डरिंग आयर्न पोचत नाही. त्यातून वर पुस्तकांची चळत ठेवली की शेजारशेजारचे टॅग एकमेकांनाही ओढतात, ती गोष्ट वेगळीच.

पीएन५१८० मध्ये यावर एक सोय आहे, डायनॅमिक पॉवर कंट्रोल. अँटेनावर भार बदलला की ती पाठवायचा करंट मर्यादेत ठेवते. चिप सुरक्षित राहते आणि कार्ड जवळ आल्यावरचं वागणं सुधारतं, पण सरकलेला अनुनाद त्याने जागेवर येत नाही. माझी अडचण नेमकी तीच होती. दोष चिपचा नव्हता, माझ्या जागेचा होता.

एसटी२५आर३९१६ कडे मी वळलो ते फक्त एका गोष्टीसाठी, अँटेना ट्यूनिंग सॉफ्टवेअरमधून करता येतं म्हणून. चिपच्या दोन पिनांवरून व्होल्टेज बाहेर येतं, ते व्होल्टेजवर बदलणाऱ्या कपॅसिटरना द्यायचं. दोन्हींना ० ते २५५ अशी किंमत देता येते. सिग्नलची उंची आणि फेज चिप स्वतः मोजून सांगते. त्या दोन किंमती मी आधी ३२-३२ च्या टप्प्याने, मग बारीक पावलांनी फिरवतो. प्रत्येक बदलानंतर कपॅसिटर स्थिरावायला काही मिलिसेकंद थांबावं लागतं. पहिल्यांदा हे चौकटीत, झाकण लावून, स्क्रू आवळून चालवलं तेव्हा तिसरं पुस्तक लगेच पुन्हा वाचलं जाऊ लागलं. चौथं बहुतेक वेळा वाचलं जातं, पातळ असेल तर नेहमीच. उरलेली कसर लोखंडाने खाल्लेल्या क्षेत्राची आहे, ती ट्यूनिंगने भरून येत नाही. अँटेना आणि अँगल यांच्यामध्ये फेराइटची (क्षेत्र लोखंडाकडे जाण्यापासून अडवणारी) शीट घातल्यावर त्यातलीही थोडी परत मिळाली.

या चिपची पॉवर जास्त आहे, कागदावर १.६ वॅटपर्यंत. त्याचाही वाटा असेलच, तो वेगळा करून मी मोजलेला नाही. पण तीच चिप ट्यूनिंग न करता लावून पाहिली तेव्हा तिसरं पुस्तक पुन्हा धरसोड करू लागलं, म्हणून माझा कौल ट्यूनिंगला.

आता तिची किंमतही सांगायला हवी. १५६९३ चं कोडिंग आणि उलगडणं इथे बरंचसं मायक्रोकंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. चिप बनवणाऱ्या कंपनीची आरएफएएल ही तयार कोडची लायब्ररी वापरली तर ते आयतं मिळतं, पण ती आपल्या बोर्डावर उतरवायला मला चांगले चार-पाच दिवस लागले. ज्यांना लायब्ररीच्या आत शिरायचं नाही त्यांना पीएन५१८० सोयीची वाटेल, आणि त्यात चूक काही नाही. शिवाय बदलते कपॅसिटर चिपच्या बाहेरचे असतात, आणि या घराण्यातल्या सगळ्याच चिपमध्ये ही सोय नसते. बोर्ड घेताना सर्किटचा नकाशा उघडून ते सुटे भाग खरंच लावलेत का ते बघा. त्यांचा पल्लाही मर्यादित असतो, तेव्हा स्थिर कपॅसिटर आधी हाताने अंदाजे जुळवून घ्यावे लागतातच.

रीडर लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत, एकाच जागी कायमचा बसणार असेल, तर पीएन५१८० घ्या आणि उरलेली मेहनत अँटेना मोठी करण्यावर घाला. आजूबाजूला धातू असेल, किंवा तोच बोर्ड वेगवेगळ्या जागी बसवायचा असेल, तर मी ३९१६ च घेईन.

माझी पेटी आता रोज पहाटे, फळी रिकामी असताना, एकदा स्वतःला जुळवून घेते आणि मिळालेले दोन आकडे नोंदवून ठेवते. एके दिवशी ते अचानक बरेच हललेले दिसले. जाऊन पाहिलं तर कुणीतरी लोखंडी ट्रॉली पेटीला अगदी चिकटवून ठेवली होती. पुस्तकं मात्र सकाळपासून नीट वाचली जात होती.